गृहीत धरलेली खोबण

एक्डायसोन रिसेप्टर या एका प्रथिनावर मी नोकरीतली बहुतेक वर्षं काम केलं. या काळात माझ्या हातून दोन मोठ्या चुका झाल्या. पहिलीची किंमत एका सहकाऱ्याच्या प्रयोगशाळेनं मोजली, दुसरीची माझ्या एका विद्यार्थिनीनं. दोन्ही चुकांच्या मुळाशी एकच समज होता: प्रथिनाला ठरलेला आकार असतो आणि तो एकदा हाती लागला की पुढचं सगळं तर्कानं सोडवता येतं. प्रथिनं लवचिक असतात हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी ते वर्गात शिकवत होते, परीक्षेत विचारत होते. पण संगणकासमोर बसून निर्णय घेताना ते ज्ञान मी वापरलं नाही.

आधी या प्रथिनाविषयी थोडं सांगायला हवं. कीटकाचं बाहेरचं कवच त्याच्याबरोबर वाढत नाही. अळी वाढली की तिला जुनी कात टाकावी लागते आणि ती वेळ आल्याचा निरोप एक्डायसोन हे संप्रेरक देतं. १९५४ साली जर्मनीत अडॉल्फ बुटेनांट आणि पेटर कार्लसन यांनी रेशीमकिड्यांच्या ५०० किलो कोषांतून त्याचे जेमतेम २५ मिलिग्रॅम स्फटिक वेगळे केले. त्या रेणूची नेमकी रचना कळायला १९६५ उजाडलं. रॉबर्ट ह्यूबर आणि वाल्टर होप्पे यांनी ती क्ष-किरणांच्या साहाय्यानं सोडवली. किड्याच्या शरीरात या रेणूला आणखी एक हायड्रॉक्सिल गट जोडला जातो आणि ते रूप पेशीच्या केंद्रकातल्या रिसेप्टरला जाऊन बसतं. फळमाशीतल्या या रिसेप्टरचं जनुक १९९१ मध्ये स्टॅनफर्डला डेव्हिड हॉगनेस यांच्या प्रयोगशाळेनं शोधलं. पुढे कळलं की हा रिसेप्टर एकटा काम करत नाही. त्याला अल्ट्रास्पिरॅकल नावाचं दुसरं प्रथिन जोडीला लागतं. ती जोडी जमल्याशिवाय तो ना संप्रेरक नीट धरतो, ना डीएनए.

मी या विषयाकडे वळले ते त्याच्या शेतीतल्या उपयोगामुळे. १९८८ साली अमेरिकेतल्या रोम अँड हास कंपनीच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की डायअसिलहायड्रॅझिन वर्गातला एक साधा रेणू स्टेरॉइड नसूनही याच रिसेप्टरला चिकटतो. त्यातून टेब्युफेनोझाइड आणि मेथॉक्सिफेनोझाइड ही कीटकनाशकं निघाली. अळीच्या पोटात ती गेली की अवेळी कात टाकण्याची प्रक्रिया सुरू होते. अळी खाणं थांबवते. ती प्रक्रिया पुरी व्हायला शरीरातलं संप्रेरक ओसरावं लागतं, पण हा रेणू ओसरत नाही, त्यामुळे अळी अर्ध्या टाकलेल्या कातीत अडकून मरते. मुख्य म्हणजे टेब्युफेनोझाइडचा मारा पतंग-फुलपाखरांच्या अळ्यांवर होतो. मधमाशीला त्याचा फारसा धोका नाही आणि माणसाच्या शरीरात तर हा रिसेप्टरच नाही. १९९८ साली अमेरिकेत या शोधाला हरित रसायनशास्त्राचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो योग्यच होता. मी कापूस पिकवणाऱ्या भागातली. पाठीवर पंप घेऊन, तोंडाला साधा रुमाल बांधून फवारणी करणारी माणसं मी लहानपणापासून पाहिली आहेत. किडीला मारणारं आणि माणसाला न शिवणारं औषध करता येतं, हे वाचल्यावर मला दुसरा कुठलाच विषय नको होता.

तेव्हा एक्डायसोन रिसेप्टरची रचना कुणालाच ठाऊक नव्हती. त्याच्या नात्यातल्या प्रथिनांच्या रचना मात्र १९९५ पासून येऊ लागल्या होत्या: रेटिनॉइड रिसेप्टर, थायरॉइडचा रिसेप्टर. सगळ्यांची घडण एकसारखी होती, बारा हेलिक्स तीन थरांत रचलेली आणि मधोमध संप्रेरकासाठी खोबण. अमिनो आम्लांचा क्रम पुरेसा जुळत असेल तर नात्यातल्या प्रथिनाच्या साच्यावर नव्या प्रथिनाचं मॉडेल उभं करता येतं. त्या काळी आमच्यासारखे अनेक जण हेच करत होते. मीही केलं. मॉडेल चांगलं उतरलं आणि संप्रेरक त्याच्या खोबणीत नीट बसलं.

पुढच्या पायरीवर मी चुकले. टेब्युफेनोझाइड त्याच खोबणीत बसवायचं होतं. मी त्याचा रेणू संप्रेरकाच्या रेणूवर ठेवला आणि फिरवत राहिले. एका कोनात त्याची दोन बेंझिनची कडी स्टेरॉइडच्या कड्यांवर आली. दोन्ही ऑक्सिजन अणू संप्रेरकाच्या दोन हायड्रॉक्सिल गटांच्या जवळ पोचले. दोन वेगळे रेणू पडद्यावर एकमेकांत मिसळून गेले. मला इतका आनंद झाला की तपासायची गरजच वाटली नाही. रिसेप्टर एक, खोबण एक, म्हणून दोन्ही रेणू एकाच जागी एकाच रीतीनं बसणार, असं मी धरून चालले. खरं तर हे सिद्ध करायला हवं होतं. मी त्यापासूनच सुरुवात केली होती.

आमच्या प्रकल्पात दुसऱ्या संस्थेतले एक ज्येष्ठ रसायनशास्त्रज्ञ होते. चित्र पाहून त्यांनी विचारलं, “मॅडम, कात टाकण्याचं संप्रेरक माशीला, भुंग्याला, पतंगाला सगळ्यांना तेच असतं ना? मग दोन्ही रेणू एकाच जागी बसत असतील तर एक सगळ्यांना चालतो आणि दुसरा फक्त पतंगांना, हे कसं?”

हा प्रश्न अचूक होता. सगळे पुरावे आमच्यासमोर पडलेले होते. संप्रेरक सर्व कीटकांत काम करतं, म्हणजे ते ज्या अमिनो आम्लांना स्पर्श करतं ती सर्व कीटकांत जवळपास सारखी असणार. कीटकनाशक पतंगांतच काम करतं, म्हणजे ते अशा काही जागांना स्पर्श करत असणार ज्या पतंगांत वेगळ्या आहेत. दोघांच्या जागा सारख्या नसाव्यात हे यावरून तेव्हाच सुचायला हवं होतं. मी त्यांना एका हायड्रोजन बंधाचं स्पष्टीकरण दिलं. ते ऐकायला पुरेसं तांत्रिक होतं आणि ते गृहस्थ सभ्य होते. “रचना तुमचा विषय,” असं म्हणून ते गप्प बसले.

माझ्या चित्रावरून आम्ही संकरित रेणूंची एक मालिका ठरवली: अर्धा भाग कीटकनाशकाचा, अर्धा स्टेरॉइडसारखा. तर्क असा की दोन्हींचे गुण एकत्र आले तर रेणू खोबणीला अधिक घट्ट धरेल. त्यांच्या विद्यार्थ्यांनी ते रेणू घडवले. अशा रेणूंच्या एकेका पायरीला आठवडे लागतात. एखादी अभिक्रिया शेवटच्या टप्प्यावर फसली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तयार झालेले रेणू हरभऱ्याच्या पिठाच्या कृत्रिम खाद्यात मिसळून आम्ही घाटेअळीला खाऊ घातले. अळ्यांनी ते खाल्लं, वेळेवर कात टाकली, वाढल्या आणि कोषावस्थेत गेल्या. एकाही रेणूचा परिणाम दिसला नाही.

इथे मी थांबायला हवं होतं. उलट मी म्हटलं की रेणू आतड्यातून आत शिरत नसेल, किंवा अळी तो पचवून टाकत असेल. अशी कारणं खरीही असू शकतात, त्यामुळे त्यांच्या आड राहणं सोपं जातं. नुसत्या प्रथिनावर बांधणी मोजण्याचा प्रयोग आधी करता आला असता. तो मी पुढे ढकलला, कारण मला मॉडेलवर शंका घ्यायचीच नव्हती. आम्ही आणखी रेणू केले. अनुदान संपलं. त्यांच्या एका विद्यार्थ्यानं विषय बदलला आणि दुसऱ्यानं त्याच निष्फळ रेणूंवर प्रबंध लिहिला. त्या प्रबंधात रसायनशास्त्र उत्तम होतं. ज्या कारणासाठी ते केलं होतं, ते कारणच चुकीचं होतं.

२००३ साली ‘नेचर’मध्ये स्ट्रासबुर्गजवळच्या इल्कीर्श इथल्या दिनो मोरास यांच्या गटाचा शोधनिबंध आला. इझाबेल बिलास त्याच्या पहिल्या लेखिका होत्या. हेलिओथिस व्हायरेसन्स या अमेरिकी तंबाखू-कापसावरच्या पतंगाचा एक्डायसोन रिसेप्टर आणि अल्ट्रास्पिरॅकल यांच्या जोडीचे स्फटिक त्यांनी दोन वेगळ्या रेणूंसोबत मिळवले होते. एक रेणू पोनास्टेरोन, म्हणजे वनस्पतीत सापडणारं आणि कीटकाच्या संप्रेरकाचं जवळचं नातलग असलेलं स्टेरॉइड. जपानात कोजी नाकानिशी यांच्या गटानं ते १९६६ साली एका पोडोकार्पस झाडातून काढलं होतं. दुसरा रेणू डायअसिलहायड्रॅझिन वर्गातला, माझ्या टेब्युफेनोझाइडचा भाऊबंद. पहिल्या रचनेचं विभेदन २.९ अँगस्ट्रॉम, दुसरीचं ३.०.

मी आधी आकृत्या पाहिल्या. पोनास्टेरोन असताना खोबण लांब, अरुंद, पुढे वळलेली होती आणि स्टेरॉइड तिच्यात पूर्ण बुडालेलं होतं. कीटकनाशक असताना तीच खोबण रुंद, इंग्रजी व्ही अक्षरासारखी झाली होती आणि तिची जागाही सरकली होती. स्टेरॉइडची कडी जिथे बसतात ती जागा कीटकनाशक वापरतच नव्हतं. ते सातव्या आणि दहाव्या हेलिक्सच्या मधे नव्यानं उघडलेल्या फटीकडे वळलं होतं. दोघांची सामाईक जागा होती ती फक्त स्टेरॉइडच्या शेपटीच्या बाजूला. मी कड्यांवर कडी ठेवून जे चित्र उभं केलं होतं, त्यातला कड्यांचा भाग सपशेल चूक होता. त्या रसायनशास्त्रज्ञांच्या प्रश्नाचं उत्तरही तिथेच होतं. कीटकनाशकाच्या वाटेवरच्या एका जागी पतंगांत व्हॅलिन हे छोटं अमिनो आम्ल आहे, इतर गणांतल्या कीटकांत तिथे मोठं मेथिओनिन येतं.

खोबण एक आणि आकार दोन. कोल्हापुरी चप्पल वापरणाऱ्याच्या पायाप्रमाणे बसते, तसं हे प्रथिन आत आलेल्या रेणूप्रमाणे बसलं होतं. मी एका पायाचा ठसा पाहून दुसऱ्या पायाचं माप ठरवलं होतं.

त्या निबंधाच्या लेखकांनी स्पष्ट म्हटलं होतं की हा फरक रेणूंच्या मॉडेलिंगवरून आधी ओळखता आला नसता. काही सहकाऱ्यांनी मला तेवढं वाक्य दाखवून समजावलं की यात माझा दोष नाही. त्यांचा हेतू चांगला होता, पण मला ते पटलं नाही. आकार ओळखता आला नाही हा माझा दोष नव्हताच, तो कुणालाच आला नसता. पण जे ओळखता येत नाही ते मी खात्रीनं सांगितलं, आणि त्या खात्रीवर दुसऱ्यांचे हात राबले. दोष तिथे होता. मी त्या रसायनशास्त्रज्ञांना पत्र लिहून हे कळवलं. त्यांचं उत्तर छोटं आणि मोठ्या मनाचं होतं. त्यांच्या विद्यार्थ्यांना मात्र मी कधी भेटून काही सांगितलं नाही. ते राहून गेलं आणि अजून खुपतं.

इतकं झाल्यावर मी शहाणी व्हायला हवं होतं. मॉडेलवर विश्वास ठेवायचा नाही, एवढंच मी शिकले. मग सगळा विश्वास मी स्फटिकावर टाकला. तोवर माझी स्वतःची छोटी प्रयोगशाळा झाली होती. आम्ही दुसऱ्या एका पतंगाच्या रिसेप्टरचे स्फटिक एका नव्या डायअसिलहायड्रॅझिनसोबत वाढवायला घेतले. या प्रथिनाचे स्फटिक सहजी येत नाहीत. जोडीदाराविना ते गोळा होऊन साका बसतो, रेणू आत नसेल तर ते सैल राहतं, आणि सैल प्रथिन स्फटिकात रांगेनं उभं राहत नाही. माझ्या एका विद्यार्थिनीनं चिकाटीनं ते साधलं. स्फटिक द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून आम्ही ग्रेनोबलच्या सिंक्रोट्रॉनला नेले. तिथली बीएम-१४ ही किरणरेषा तेव्हा भारताच्या भागीदारीत चालत असे. विदा बरा मिळाला, सुमारे तीन अँगस्ट्रॉमचा.

पुढचं समजायला स्फटिकशास्त्रातली एक अडचण माहीत असावी लागते. स्फटिकावर क्ष-किरण टाकले की ठिपके मिळतात. ठिपक्याची तीव्रता मोजता येते, पण त्या लहरीची कला, म्हणजे तिची चढउतारीची स्थिती, मोजता येत नाही. दोन्ही असल्याशिवाय इलेक्ट्रॉन घनतेचा नकाशा काढता येत नाही. म्हणून आधी माहीत असलेल्या सारख्या रचनेवरून कला उसनी घेतात. ही रीत सर्रास वापरली जाते आणि ती योग्यही आहे. तिचा धोका यॉर्कच्या केविन काऊटन यांनी दोन चित्रांतून दाखवून दिला आहे. बदकाच्या चित्रातून तीव्रता घ्यायची, मांजराच्या चित्रातून कला घ्यायची आणि दोन्ही जोडून नवं चित्र काढायचं. नव्या चित्रात मांजर दिसतं. म्हणजे मोजलेल्या गोष्टीपेक्षा उसनी घेतलेली गोष्ट जास्त बोलते. तीन अँगस्ट्रॉमसारख्या मध्यम विभेदनाला तर ती फारच बोलते.

मी उसनी रचना निवडली ती पोनास्टेरोनसोबतची. तिच्यातले साखळीचे भाग अधिक नीट दिसत होते, हे माझं कारण. नकाशा आला आणि खोबणीच्या कडेचा बीटा शीटजवळचा लूप त्या रचनेत होता तसाच इथेही दिसला. मी तो तसाच मॉडेलमध्ये ठेवला.

काही दिवसांनी विद्यार्थिनी फरकाचा नकाशा घेऊन आली. मॉडेल आणि मोजमाप यांतली तफावत त्यात रंगानं दिसते: जिथे मॉडेलनं जास्तीचं काही ठेवलं आहे तिथे लाल, जिथे काही राहून गेलं आहे तिथे हिरवं. ती म्हणाली, “मॅडम, या लूपवर सगळीकडे लाल येतंय. आणि इथे बाजूला हिरवं आहे, तिथे काहीच ठेवलेलं नाही. हा लूप इथे नसावा असं मला वाटतं.”

मी पाहिलं. लाल होतं, हिरवंही होतं. मला दिसलं नाही असं म्हणायला जागा नाही. मी म्हटलं, “तीन अँगस्ट्रॉमला असा गोंगाट असतोच. ज्ञात रचनेत लूप इथेच आहे. आत्ता हे राहू दे, बाकीचं शुद्धीकरण पुरं कर. हे नंतर बघू.”

हे बोलताना माझ्या मनात काय होतं ते मला चांगलं आठवतं. एका परिषदेत ही रचना दाखवायची होती. पूर्ण, सलग साखळी असलेली रचना चांगली दिसते, तुटक साखळी कच्च्या कामासारखी दिसते. शिवाय ती विद्यार्थिनी नवी होती आणि मी अनुभवी होते. अनुभवानं मला नकाशा वाचायला शिकवलं होतं, आणि त्याच अनुभवाच्या जोरावर मी तो वाचायचं नाकारलं.

तिनं वाद घातला नाही. त्यानंतर ती नकाशा दाखवायला येई तेव्हा पडद्यावर फक्त इलेक्ट्रॉन घनतेचा निळा नकाशा असे. लाल-हिरवा ती बंद करून येत असे. हे माझ्या लक्षात आलं होतं. वेळ वाचवण्यासाठी ती असं करत असेल, असं मी तेव्हा समजले.

परिषदेत रचना दाखवली. तिच्यावरून आम्ही रेणूच्या एका टोकाला काय जोडावं हे सुचवलं आणि एका रसायन गटानं ते काम सुरूही केलं. मॉडेल मोजमापाशी किती जुळतं ते सांगणारा मुक्त आर हा आकडा मात्र हवा तितका खाली येत नव्हता. अॅक्सेल ब्रुंगर यांनी १९९२ मध्ये सुचवलेला हा आकडा मोजमापाच्या बाजूला ठेवलेल्या भागावरून काढतात. मॉडेल घडवताना तो भाग वापरलेलाच नसतो, म्हणून त्याला फसवणं कठीण असतं. उपसालाचे खेरार्ड क्लेवेग्ट आणि अल्विन जोन्स यांनी नव्वदच्या दशकात मुद्दाम एका प्रथिनाची साखळी उलट दिशेनं बांधून दाखवलं होतं की साधा आर आकडा तरीही चांगला आणता येतो, पण मुक्त आर ते उघडं पाडतो. हा निबंध मी स्वतः प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला वाचायला देत असे.

रचना प्रोटीन डेटा बँकेत ठेवण्याआधी तपासणीचा अहवाल निघतो. त्यात आमचा लूप नकाशाशी जुळत नसल्याची नोंद आली. तेव्हा कुठे मी तो भाग मॉडेलमधून काढून टाकला, उरलेल्याचं पुन्हा शुद्धीकरण केलं आणि नवा नकाशा काढला. लूपच्या जागची घनता निघून गेली. ती तिथे कधी नव्हतीच. मी आत ठेवलेली साखळीच मला परत दिसत होती. साखळीचा सुरुवातीचा तुकडा हिरव्या घनतेच्या दिशेनं वळत होता. त्यापुढे काहीच दिसत नव्हतं. या रेणूसोबत तो भाग एका जागी स्थिर राहत नव्हता, आणि आमच्या स्फटिकानं दिलेली खरी माहिती हीच होती.

हे काम मी विद्यार्थिनीच्या संगणकावर केलं होतं. नवी फाइल ठेवायला तिचं फोल्डर उघडलं तर आत आणखी एक फोल्डर होतं, त्याच लूपच्या नावाचं. त्यात हाच नकाशा होता, लूप काढून केलेला, माझ्या आत्ताच्या नकाशासारखाच. तारीख त्याच आठवड्यातली होती, ज्या आठवड्यात मी तिला हे नंतर बघू म्हटलं होतं.

मी तिला विचारलं, “हे तू तेव्हाच केलं होतंस? मग दाखवलं का नाहीस?”

ती म्हणाली, “तुम्ही नंतर बघू म्हणाला होतात, मॅडम. मी वाट पाहिली.”

रसायन गटाला काम थांबवायला सांगावं लागलं. परिषदेत जे दाखवलं होतं ते मागे घेतल्याचं कळवावं लागलं. तिचा शोधनिबंध बराच लांबला आणि तिचा प्रबंधही त्यामुळे अडला. हे नुकसान भरून निघालं. दुसरं नुकसान भरून निघालं की नाही, मला सांगता येत नाही. नकाशा वाचण्याची तिची नजर माझ्यापेक्षा चांगली होती, आणि मी तिला ती नजर माझ्यापासून लपवायला शिकवलं. गटाच्या बैठकीत सर्वांसमोर मी तिची क्षमा मागितली आणि तिचा नकाशा पडद्यावर ठेवून तो तिनंच समजावून द्यावा अशी विनंती केली. तिनं तो शांतपणे, नेमकेपणानं समजावला. शेवटी जी रचना आम्ही जमा केली तिच्यात तो लूप नाही. डेटा बँकेच्या फाइलमध्ये रिमार्क ४६५ या नोंदीखाली न दिसलेल्या अमिनो आम्लांची यादी द्यायची असते. ती यादी तिनं लिहिली.

या दोन चुकांकडे मी आता एकत्र पाहते. पहिल्यात मी एका रेणूसोबतचा आकार दुसऱ्या रेणूवर लादला. दुसऱ्यात एका स्फटिकातला आकार दुसऱ्या स्फटिकावर लादला, आणि तोही पहिल्या चुकीचा धडा देणाऱ्या रचनेतलाच आकार होता. हे प्रथिन दर वेळी आपली जागा बदलत होतं आणि मी दर वेळी ते मागे जिथे दिसलं होतं तिथेच शोधत होते.

दरम्यान इतरांच्या कामातून या लवचिकतेची व्याप्ती कळत गेली. २००१ साली मोरास यांच्या गटानं पतंगाच्या आणि ब्रिटनमध्ये जॉन श्वाबे यांच्या गटानं फळमाशीच्या अल्ट्रास्पिरॅकलची रचना दिली होती. दोन्हींत मोठी खोबण होती आणि तिच्यात फॉस्फोलिपिड बसलेलं होतं, प्रथिन ज्या जिवाणूत तयार केलं त्याच्यापासून आलेलं. २००७ मध्ये पिठातल्या तांबड्या भुंग्याच्या अल्ट्रास्पिरॅकलची रचना आली तेव्हा त्यात कुठलाच रेणू नव्हता. तेच जोडीदार प्रथिन पतंगात एका रूपात आणि भुंग्यात दुसऱ्याच रूपात. २००५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ संस्थेनं पांढऱ्या माशीच्या जोडीची रचना पोनास्टेरोनसह दिली. आपल्या कापसावरची रस शोषणारी ती हीच माशी. डायअसिलहायड्रॅझिन वर्गातलंच हॅलोफेनोझाइड अमेरिकेत हिरवळीखालच्या हुमणीवर वापरलं गेलं. हुमणी ही भुंग्याची अळी. म्हणजे रेणूत थोडा बदल केला की दुसऱ्या गणातल्या कीटकाचं प्रथिनही त्याला जागा करून देतं. कुठला बदल केला की कुठलं प्रथिन जागा देईल, हे एका रचनेवरून काढता येत नाही. प्रत्येक जोडी वेगळी पाहावी लागते.

हे मी आज लिहिते आहे त्याला कारण आहे. आता कुठल्याही प्रथिनाचा अमिनो आम्लांचा क्रम दिला की अल्फाफोल्ड काही वेळात आकार काढून देतं. ते खरोखर मोठं काम आहे आणि २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याच्या कर्त्यांना मिळालं ते सार्थ आहे. माझ्याकडे हल्ली तरुण मुलं किडींच्या रिसेप्टरची अशी मॉडेल घेऊन येतात. त्यांनी हजारो रेणू त्या खोबणीत बसवून पाहिलेले असतात आणि वरचे दहा निवडलेले असतात. ती मॉडेल माझ्या जुन्या मॉडेलपेक्षा कितीतरी पटींनी चांगली आहेत. त्यांच्या चेहऱ्यावरची खात्री मात्र मी ओळखते. मी त्यांना विचारते की हा आकार कुठल्या रेणूच्या सोबतीतला आहे. बहुतेकांना ते ठाऊक नसतं, कारण मॉडेलनं ते सांगितलेलं नसतं. मग मी त्यांना २००३ च्या त्या दोन रचना शेजारी शेजारी उघडायला लावते आणि काही बोलत नाही. पाहता पाहता ती मुलं स्वतःच प्रश्न विचारू लागतात, आणि ते प्रश्न मी त्यांच्या वयात विचारले होते त्यापेक्षा चांगले असतात.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या बातम्या वाचताना मला माझ्या वाया गेलेल्या वर्षांचा हिशेब मांडावासा वाटला. निवडक किडीलाच मारणारं औषध करता येतं, कारण कीटकांच्या गणागणांत हे रिसेप्टर वेगळे वाकतात. ज्या लवचिकतेला मी नकाशातला गोंगाट म्हटलं, तिच्यावरच ही आशा उभी आहे. म्हणून आमच्याकडे आता नवा रेणू आला की आधी नुसत्या प्रथिनावर त्याची बांधणी मोजतात, मग त्याच रेणूसोबत स्फटिक वाढवतात आणि संशयास्पद प्रत्येक भाग मॉडेलमधून काढून नकाशा पुन्हा पाहतात. रसायनशास्त्रज्ञाला कळवायचं ते त्यानंतर. या क्रमाला वेळ लागतो, कधी वर्ष जातं. तोवर कुणी विचारलं तर आम्ही अजून माहीत नाही असं सांगतो, आणि गटातल्या सर्वांत नव्या मुलानं लाल रंगाकडे बोट दाखवलं तर काम तिथेच थांबतं.